फिल्म धरायची कुणी?

(येवल्यातला दातांचा दवाखाना. सहा वर्षांच्या पोराची दाढ ठणकतेय, एक्स-रेची फिल्म तो तोंडात ठरू देत नाही. सोबत आजोबा, पैठणीचे विणकर.)

आजोबा : तुमची मदतनीस पोरगी हात पुढे करतेय ना, धरू द्या तिला.

डॉक्टर : नाही काका. मशीन चालू असताना ती जवळ थांबणारच नाही.

आजोबा : मघाशी म्हणालात, निसर्गातून दिवसभरात मिळतात साधारण तेवढेच किरण एका फोटोत. मग?

डॉक्टर : पोराचा फोटो एक. तिच्यापुढे रोज नवं पोर रडतं. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स १८९६ पासून उघड्या हातानं या किरणांशी खेळले. आधी बोटं कापावी लागली, पुढे हातच गेला.

आजोबा : मग मर्यादा असेल काही?

डॉक्टर : काम करणाऱ्याला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट, सामान्य माणसाला १. पेशंटला मात्र आकडा नाही.

आजोबा : हे उलटंच! ज्याच्यावर सरळ झोत, त्यालाच कुंपण नाही?

डॉक्टर : लाभ त्याचाच, म्हणून. त्याच्यासाठी दोन प्रश्न : फोटोनं इलाज बदलेल का, आणि कमीत कमी किती किरणांत भागेल?

आजोबा : पण पोरगी स्वखुशीनं पुढे आलीय. तिची मर्जी तुम्ही का मोडता?

डॉक्टर : माझ्याच पगारावरची मर्जी ती.

आजोबा : खरंय. शेठ ‘जमेल ना?’ विचारतो, तेव्हा ‘नाही’ म्हणायला जीभ वळत नाही.

डॉक्टर : ते ‘नाही’ नियम तिच्या वतीनं म्हणतो.

आजोबा : पोराच्या आईला सातवा महिना. राहिलो मी. मला कुठला लाभ?

डॉक्टर : नातवाचा ठणका थांबणं. शिवाय एकदाच, एप्रन घालून, बोटं झोताबाहेर ठेवून. या वयात धोकाही तुलनेनं कमी. आणि तुम्ही नकार दिलात तर मी तुमचं काही बिघडवू शकत नाही.

आजोबा : ज्याच्यासोबत कुणीच नसेल, त्याचं काय?

डॉक्टर : घरचं माणूस येईपर्यंत थांबते. थांबण्यासारखं नसेल तर फोटोशिवाय इलाज, अंदाज चुकण्याची भीती घेऊन.

आजोबा : म्हणजे मदतनिसाला वाचवून जोखीम पोरावर.

डॉक्टर : हो. नियमानं माझी सुटका होत नाही. तिचा हात ही सोपी पळवाट नाही, एवढंच तो सांगतो.

आजोबा : या फोटोनं इलाज बदलणार?

डॉक्टर : मुळाशी पू पसरला असेल तर दाढ काढायची, नसेल तर वाचवायची.

आजोबा : मग द्या तो एप्रन.