पाटी आजोबांची, वही कुणाची?

१७ ऑक्टोबर २०१०. शिवाजी पार्कवरच्या दसरा मेळाव्यात बाळासाहेब ठाकरे यांनी वीस वर्षांच्या नातवाच्या हाती तलवार दिली आणि युवासेना सुरू झाली. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी बी. ए.च्या अभ्यासक्रमातून काढून टाकली. कादंबरीत शिवसेनेबद्दल वाईटसाईट लिहिलंय, ही तक्रार होती आणि ती लावून धरणारा चेहरा होता आदित्य ठाकरे यांचा. ते तेव्हा सेंट झेवियर्स कॉलेजात शिकत होते. मिस्त्रीही त्याच कॉलेजचे. आणि आदित्य यांचा स्वतःचा इंग्रजी कवितासंग्रह त्याआधीच, २००७ मध्ये आला होता.

आता २०१९. ठाकरे घराण्यातला पहिला माणूस थेट निवडणुकीला उभा राहिला. वरळीत ‘केम छो वरळी’ अशी गुजराती पाटी लागली, लोकांनी तिची टर उडवली, तरी आदित्य ६७ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. मग मंत्रिपद, हवामानबदल, आरेचं जंगल. साठच्या दशकात ‘हटाव लुंगी’ म्हणत दाक्षिणात्यांवर धावून गेलेल्या पक्षाचा तिसऱ्या पिढीतला नेता आता झाडांबद्दल बोलत होता. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना तो आवडला. मलाही ते बोलणं ऐकायला बरं वाटायचं.

प्रश्न असा आहे : चेहरा नवा आला की जुना हिशेब मिटतो का?

मी राहते त्या शाहूपुरीत या प्रश्नाला एक सोपं रूप आहे. शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली. इथे अडत दुकानं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. अशाच एका दुकानातले जुने दिवाणजी काका मला एकदा सांगत होते. मालक वारले, मुलगा गादीवर बसला. एक शेतकरी जुनी पट्टी घेऊन आला, गुळाचे पैसे राहिले होते. मुलगा म्हणाला, तो व्यवहार माझ्या आधीचा. काका म्हणाले, “मी त्याला म्हटलं, मालक, पाटी घेतलीसा न्हवं? मग वही बी घ्या. पाटी बघून गिऱ्हाईक येतंय, वही बघून घेणेकरी येतंय. येकच घेतो म्हणून कसं चालंल?”

यात काकांनी मुलाला दोषी ठरवलं नाही. पैसे त्याने बुडवले नव्हतेच. दोष आणि देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष ज्याचा त्याच्यापाशी राहतो, देणं मात्र पुढे सरकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी आपल्या देशबांधवांना साधारण हेच सांगितलं : गुन्हेगार सगळे नाहीत, पण ज्या राज्याचे आपण नागरिक, त्याने केलेल्याची राजकीय जबाबदारी सगळ्यांवर आहे.

यावर एक चांगला आक्षेप आहे आणि तो आपल्याच परंपरेतला आहे. जुन्या हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य मानलं जायचं. २००५ च्या दुरुस्तीनंतर नव्या कर्जांसाठी ते बंधन उरलं नाही. पण जुन्या कायद्यातही एक सूट होती : बापाने दारू-जुगारासाठी काढलेलं कर्ज मुलाला लागू नाही. मग कुणी विचारेल, आजोबांची द्वेषाची भाषा हे तसंच कर्ज नाही का? नातवाने ते का फेडावं?

मला वाटतं, फरक इथे आहे. जुगारात बाप हरला तर मुलाच्या हाती काही लागत नाही. इथे मात्र डाव जिंकला गेला होता. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत नऊशे माणसं मेली. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात शिवसेनेवर आणि बाळासाहेबांवर स्पष्ट ठपका ठेवला. त्या दोन तारखांच्या मध्ये, १९९५ मध्ये, पक्ष सत्तेवर आला होता. सत्ता फक्त दंगलीमुळे आली असं मी म्हणत नाही. शाखेने मराठी मुलांना नोकऱ्या मिळवून दिल्या, रात्री-अपरात्री रुग्णवाहिका आणली, हेही त्याच वहीतल्या जमेच्या बाजूला आहे. पण जमेची पानं सभेत मोठ्याने वाचायची आणि नावेची पानं चिकटवून टाकायची, याला हिशेब म्हणत नाहीत.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. फ्रान्समधला जॉर्डन बार्देला बघा. जन्म १९९५ चा, पॅरिसच्या उपनगरातला, घर इटालियन वंशाचं. सोळाव्या वर्षी पक्षात, तेविसाव्या वर्षी युरोपीय संसदेत, सत्ताविसाव्या वर्षी राष्ट्रवादी पक्षाचा अध्यक्ष. नीटनेटका सूट, शांत आवाज, टिकटॉकवर तरुणांची गर्दी. २०२४ च्या युरोपीय निवडणुकीत त्याच्या यादीला ३१ टक्क्यांहून जास्त मतं पडली. हा पक्ष १९७२ मध्ये ज्यांच्यासोबत सुरू झाला, ते जाँ-मारी ल पेन नाझींच्या गॅस चेंबरना इतिहासातला एक ‘तपशील’ म्हणाले होते. २०१५ मध्ये त्यांच्याच मुलीने त्यांना पक्षातून काढलं, २०१८ मध्ये पक्षाचं नाव बदललं. म्हणजे पाटी नवी. पण जानेवारी २०२५ मध्ये म्हातारबुवा वारले, तेव्हा बार्देलाने त्यांच्या देशसेवेचा गौरव केला. ‘तपशिला’चा उल्लेखही नाही.

बार्देला तर ल पेन घराण्यातला नाही. आदित्य यांना आजोबा निवडता आले नाहीत. याने पक्ष निवडला. म्हणून ‘मी तेव्हा जन्मलोच नव्हतो’ हे उत्तर त्याच्या तोंडी अधिकच पोकळ वाटतं. त्याच्या जन्माआधीचं सगळं पुसलं, तर त्याच्याकडे पक्ष तरी कुठला उरतो?

मग फेड म्हणजे काय? नाक घासणं नाही, आजोबांना शिव्या देणं तर नाहीच. काय झालं ते नाव घेऊन सांगणं, ज्यांच्यावर बेतलं त्यांना उद्देशून सांगणं, आणि तीच भाषा पुन्हा कामाला येईल तेव्हा ती न वापरणं. हे तिसरं सगळ्यात अवघड. जून २०२५ च्या अखेरीस मीरा रोडला मराठी न बोलल्यावरून मनसेच्या कार्यकर्त्यांनी एका दुकानदाराला मारलं. पुढच्याच आठवड्यात, ५ जुलैला, वरळीत दोन ठाकरे बंधू एका मंचावर आले, आदित्यही होते. हिंदीसक्तीला विरोध मलाही पटतो. पण मराठी जपणं आणि दुकानदाराच्या थोबाडीत मारणं यांतली रेघ त्या मंचावरून ठळक ओढली गेली असती, तर जुन्या वहीतलं एक पान खरंच मिटलं असतं.

हे सगळं दुसऱ्यांना सांगणं सोपं आहे. आपणही एका मोठ्या नावावर जगतो. ‘शाहूंची नगरी’ हे कोल्हापूरकराच्या तोंडी किती सहज येतं! ६ मे २०२२ ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सगळं शहर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं. त्यानंतर वर्षभराने, ७ जून २०२३ ला, काही मोबाइल स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, दुकानं फुटली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद पडलं. इंटरनेट परत आल्यावर मी माझ्या ग्रुपांवर वाचत होते : ‘बाहेरची पोरं होती’, ‘आपलं कोल्हापूर असं नाही’.

शंभर सेकंदांसाठी कोल्हापूर आपलं होतं आणि त्या एका दिवसासाठी बाहेरच्यांचं. १९०२ मध्ये पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा राजा आमचा, जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढणारा आमचा, मुस्लिम बोर्डिंगही आमच्याच राजाचं. फुटलेल्या दुकानाचा मालक मात्र कुणाचा, ते कुणी बोललं नाही.

आदित्य ठाकरे यांनी पस्तिशी ओलांडली आहे, बार्देला कदाचित राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहील. त्यांना मत द्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण तरुण नेता समोर आला की मी आता त्याच्या कपड्यांकडे, रीलकडे बघत नाही. आधीच्यांची नावेची बाजू तो वाचून दाखवतो का, एवढंच बघते. आणि हाच प्रश्न आपल्या गल्लीतल्या ग्रुपवर स्वतःला विचारायचा म्हटलं, की टाइप करता करता बोट थांबतं. तिथूनच सुरुवात करायला हवी.