टिकण्याचा हक्क, विकण्याचा हक्क

धारावीच्या पुनर्विकासावर गेली काही वर्षे जे बोलले जाते, त्यातला बराचसा भाग चौरस फुटांचा असतो. 350 की 500? पात्र कोण, अपात्र कोण? अपात्रांना मिठागरांच्या जमिनीवर धाडायचे की आणखी कुठे? योजनेचे विरोधकही हीच फूटपट्टी वापरतात, फक्त आकडा वाढवून मागतात. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी जागतिक अधिवास दिन येतो, तेव्हा तीच चर्चा जरा वरच्या पट्टीत होते. ‘झोपडपट्टीमुक्त’, ‘शाश्वत’, ‘सर्वसमावेशक’ असे शब्द व्यासपीठावरून उतरतात आणि जाहिरातीत जाऊन बसतात. झोपडपट्टी हा घराच्या दर्जाचा प्रश्न आहे, हे या दोन्ही चर्चांनी गृहीत धरलेले असते. मला ते गृहीतकच उथळ वाटते.

व्हँकुव्हर (1976), इस्तंबूल (1996) आणि क्विटो (2016) या जागतिक अधिवास परिषदांचा इतिहास पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. त्यातून काय मोजायचे ठरले, एवढेच पाहू. सहस्रक विकास उद्दिष्टांत 2020 पर्यंत किमान 10 कोटी झोपडपट्टीवासीयांचे जीवन लक्षणीयरीत्या सुधारण्याचे वचन होते. ते दुपटीहून जास्त पूर्ण झाल्याचे संयुक्त राष्ट्रांनी 2010 मध्येच जाहीर केले. 22.7 कोटी लोक झोपडपट्टीच्या परिस्थितीतून बाहेर पडले, असा तो आकडा होता. त्याच दशकात जगातल्या झोपडपट्टीवासीयांची संख्या सुमारे 76.7 कोटींवरून 82.8 कोटींवर गेली होती. यात कुणी खोटे बोलत होते असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप मोजमापाला आहे.

यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या अधिवास संस्थेने केलेल्या झोपडपट्टीच्या व्याख्येत पाच कसोट्या आहेत: पिण्याजोगे पाणी, शौचालय, टिकाऊ बांधकाम, एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसे नसणे, आणि हुसकावून लावले जाणार नाही याची हमी. यातली एकही गोष्ट नसेल तर ते कुटुंब झोपडपट्टीत राहते असे धरायचे. पहिल्या चार कसोट्या घरोघरी जाऊन मोजता येतात. पाचवीची तुलना करण्याजोगी आकडेवारी देशोदेशी नसते, म्हणून जागतिक बेरजेत ती बहुतेक वेळा बाजूला राहिली. शाश्वत विकासाच्या अकराव्या उद्दिष्टाखालीही फार वेगळे घडलेले नाही. जमिनीवरच्या सुरक्षित हक्काचा निर्देशांक आहे, पण तो पहिल्या उद्दिष्टात, गरिबीच्या रकान्यात. दोन रकाने जोडून वाचण्याची तसदी कोण घेतो?

मोजायला अवघड म्हणून जे सोडून दिले, ते पुढे धोरणातूनही गळते. 2005 मध्ये झिम्बाब्वे सरकारने ‘घाण हटवा’ म्हणत हरारे आणि इतर शहरांतल्या वस्त्यांवर बुलडोझर फिरवला. सुमारे 7 लाख लोकांचे घर, रोजगार किंवा दोन्ही गेले. चौकशीला आलेल्या विशेष दूत अ‍ॅना तिबायजुका या यूएन-हॅबिटॅटच्याच प्रमुख होत्या. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताळ प्रांताने 2007 मध्ये झोपडपट्ट्या ‘नष्ट करण्याचा’ कायदा केला. त्यातले मालकांना आणि नगरपालिकांना वस्त्या हटवायला भाग पाडणारे कलम वस्तीतल्या लोकांनीच 2009 मध्ये घटनात्मक न्यायालयातून रद्द करवून घेतले. मुंबईत 2004-05 च्या हिवाळ्यात 80 हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या गेल्या, तेव्हा मुंबईचे शांघाय करण्याची स्वप्ने दाखवली जात होती. पाडलेली झोपडी झोपड्यांच्या मोजणीतून वजा होते. जी मोजणी हकालपट्टीला अपयश म्हणून नोंदवत नाही, ती तिला नकळत यशाच्या बाजूला ढकलते.

उत्तरे सुचवणाऱ्यांची वाण नाही. स्मार्ट सिटीवाले झोपडपट्टीकडे पाहतच नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी वाद संभवत नाही. धारावीच्या उद्यमशीलतेवर भाळून जाणारे पाहुणे संध्याकाळी हॉटेलात परततात. पण एक मत असे आहे की ते सहजी झटकता येत नाही, कारण त्याचे निदान अर्धे बरोबर आहे. पेरूचे अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो यांचे ते मत.

‘द मिस्टरी ऑफ कॅपिटल’ (2000) या पुस्तकात दे सोतोंनी मांडले की गरिबांकडे मालमत्ता आहे, तिचे कागद नाहीत. म्हणून ती ‘मृत भांडवल’ होऊन पडली आहे. जगभरच्या अशा मालमत्तेची किंमत त्यांनी 9.3 लाख कोटी डॉलर काढली. मालकीपत्र द्या, गरीब ते तारण ठेवतील, कर्ज घेतील, धंदा वाढवतील. उजव्यांना यातली बाजारपेठ आवडली, डाव्यांपैकी काहींना यातला गरिबाचा सन्मान आवडला. पुढे 2005 ते 2008 या काळात गरिबांच्या कायदेशीर सक्षमीकरणाचा जो आंतरराष्ट्रीय आयोग काम करत होता, त्याचे सहअध्यक्षपद मॅडलिन ऑलब्राइट यांच्या जोडीने दे सोतोंकडेच होते.

या सिद्धांताची परीक्षा त्यांच्याच देशात झाली. पेरूत 1996 पासून काही वर्षांत शहरी गरिबांना सुमारे 12 लाख मालकीपत्रे दिली गेली. एरिका फील्ड आणि मॅक्सिमो तोरेरो यांनी परिणाम तपासले, तेव्हा खासगी बँकांचे कर्ज वाढलेले दिसले नाही. यात नवल ते काय? बँक आधी पगार पाहते, मग घर. वस्तीतले चिमुकले घर जप्त करून विकण्याचा खटाटोप तिला परवडत नाही, आणि घर गमावण्याची जोखीम गरिबाला परवडत नाही. पण फील्ड यांना आणखी एक गोष्ट आढळली आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. कागद मिळालेल्या घरांतली माणसे बाहेर जाऊन जास्त तास काम करू लागली, कारण जागा राखायला कुणीतरी मागे थांबण्याची गरज उरली नाही.

ब्युनोस आयर्सच्या कडेला सान फ्रान्सिस्को सोलानो भागात 1981 मध्ये भूमिहीन कुटुंबांनी जमीन व्यापली. पुढे सरकारने ती संपादित केली. काही मूळ मालकांनी भरपाई घेतली, काही कोर्टात गेले. त्यामुळे शेजारशेजारच्या सारख्याच कुटुंबांपैकी काहींना मालकी मिळाली, काही लटकत राहिली. सेबास्टियन गालियानी आणि अर्नेस्तो शार्ग्रोद्स्की यांच्या अभ्यासात मालकी मिळालेल्यांची घरे सुधारलेली, कुटुंबे लहान आणि मुले जास्त शिकलेली दिसली. कर्जात मात्र नाममात्र फरक पडला. दे सोतोंचे चाहते या अभ्यासाचा पहिला भाग मोठ्याने वाचतात. मला दोन्ही भाग एकत्र वाचावेसे वाटतात. फायदा झाला हे खरे. तो तारणाच्या वाटेने आला नाही. उद्या कुणी उठवणार नाही, या खात्रीच्या वाटेने तो आला.

नैरोबीत तर हा सिद्धांत दारातच अडतो. यूएन-हॅबिटॅटचे मुख्यालय तिथेच, आणि किबेरा ही झोपडपट्टीही तिथलीच. किबेरातले बहुसंख्य लोक भाडेकरू आहेत. जमीन मुख्यतः सरकारी, आणि खोल्यांचे मालक बहुधा दुसरीकडे राहणारे. मालकीपत्र द्यायचे कुणाला? खोलीमालकाला दिले तर भाडे वाढेल आणि राहणारा निघून जाईल. भांडवल जिवंत होईल, वस्ती मरेल.

माझे म्हणणे या भेदावर येऊन थांबते. घराच्या एकाच कागदात दोन हक्क गुंडाळलेले असतात: टिकण्याचा आणि विकण्याचा. मध्यमवर्गीय माणसाला ते एकच वाटतात, कारण त्याला पहिल्याची कधी चिंता करावी लागलेली नाही. गरिबाचे आयुष्य पहिल्या हक्काने बदलते. पुरावा पहिल्याचा मिळाला आणि दे सोतोंनी जाहिरात दुसऱ्याची केली.

मुंबईने तर दे सोतोंच्या पुस्तकाची वाटही पाहिली नाही. 1985 च्या जागतिक बँकेच्या मदतीच्या प्रकल्पात जमीन रहिवाशांच्या सहकारी संस्थांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची आणि घरे ज्याची त्याने सुधारायची, अशी योजना होती. ती धिमी होती, तिच्यात त्रुटी होत्या, पण तिचा भर टिकण्यावर होता. दहा वर्षांनी झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. जमिनीचे विक्रीमूल्य विकासकाने चटईक्षेत्रात वळते करून घ्यायचे आणि त्या बदल्यात 225 चौरस फुटांचे घर फुकट द्यायचे, असा तिचा व्यवहार. 8 लाख घरांचे आश्वासन होते. तीन दशकांत निम्मीही झाली नाहीत. जमीन महाग तिथे योजना धावली, स्वस्त तिथे फिरकली नाही. ज्यांना त्याच जागी पक्के घर मिळाले त्यांचे भले झाले, हे मी नाकारत नाही. पण कोण टिकणार हे बाजारभावाने ठरवले.

‘शाश्वत शहर’ म्हणवणारे या मुद्द्याला वळसा घालतात. तानसा जलवाहिनीच्या बाजूने हटवलेल्या कुटुंबांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सान्निध्यात, पक्क्या इमारतींत घरे दिली गेली. बांधकाम टिकाऊ, शौचालय घरात. तरी लोक तिथे राहायला तयार नव्हते आणि 2019 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. चार कसोट्यांच्या तक्त्यात असे घर ‘सुधारणा’ म्हणून नोंदले जाते.

टिकण्याचा हक्क वेगळा काढता येतो, याची उदाहरणे आहेत. थायलंडमध्ये 2003 पासून चाललेल्या ‘बान मंकाँग’ कार्यक्रमात वस्तीची सहकारी संस्था एकत्रितपणे कर्ज घेते आणि जमीन विकत किंवा दीर्घ पट्ट्याने मिळवते. बँकॉकच्या बांग बुआ कालव्याकाठच्या लोकांनी सरकारी जमिनीचा 30 वर्षांचा पट्टा असाच पदरात पाडून घेतला. ओडिशाने 2017 च्या कायद्याने झोपडीवासीयांना जमिनीचा जो हक्क दिला, तो वारसांकडे जातो, त्यावर गृहकर्ज काढता येते, पण तो बाजारात विकता येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. श्रीमंताने फ्लॅट विकावा आणि गरिबाने मात्र विकू नये, हा कुठला न्याय? ही तर गरिबाला जागेशी बांधून ठेवण्याची सरंजामी दया झाली. आक्षेप मला बोचतो, आणि कायमची विक्रीबंदी असावी असे मी म्हणणारही नाही. निघून जाणाऱ्याला त्याने घातलेले पैसे संस्थेकडून वाजवी दराने परत मिळालेच पाहिजेत. पण क्रम महत्त्वाचा आहे. ज्या शहरात जमिनीचा भाव मजुरीच्या कैक पट वेगाने वाढतो, तिथे विकण्याचा हक्क आधी हाती आला तर तो अडचणीच्या पहिल्याच महिन्यात वापरावा लागतो: आजारपण, लग्न, सुटलेली नोकरी. अशा विक्रीला स्वातंत्र्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून शाश्वत विकास उद्दिष्टांच्या 2030 च्या हिशेबाकडून माझी मागणी साधी आहे. किती घरे सुधारली हा आकडा जिथे छापाल, तिथेच शेजारी दोन आकडे छापा: त्या वर्षी किती कुटुंबांना हुसकावले, आणि सुधारलेल्या वस्तीत दहा वर्षांनी मूळची किती कुटुंबे उरली. दोन्ही आकडे गोळा करणे अवघड नाही. पाडकामाची नोंद पालिकेकडे असते, राहणाऱ्यांची मतदार यादीत आणि शिधापत्रिकेत. ते छापले जात नाहीत, कारण छापले तर निम्म्या यशोगाथा उलट्या वाचाव्या लागतील. आणि धारावीत 350 की 500 हा वाद घालणाऱ्यांनाही त्याच कसोटीचा प्रश्न आधी विचारावा लागेल: आज जे तिथे राहतात, त्यांतले दहा वर्षांनी तिथे कोण असेल?