कारण आणि दोष

अपघाताची वार्ता कानी पडताच मनुष्य दोन प्रश्न विचारतो : हे कशामुळे झाले, आणि कोणामुळे झाले? पहिला प्रश्न ज्ञानाचा, दुसरा न्यायाचा. दोहोंचे उत्तर एकच असावे असा समज सर्वत्र रूढ आहे. तो आम्हांस घातक वाटतो.

रेवस या नावाशी कायमची जोडली गेलेली दुर्घटना घ्या. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट वाटेत काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. लाटांच्या माऱ्याने बोट एका अंगास कलली. धास्तावलेले उतारू एका बाजूस धावले आणि त्यांच्याच भाराने कल वाढला. ही झाली कारणे. पण लाटेस दोष देता येत नाही, आणि जीव वाचविण्यासाठी धावणे हा अपराध नव्हे. उलट, बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे मुंबईस ही वार्ता कित्येक तास कळली नाही. ही उणीव बोट उलटण्याचे कारण नव्हती; दोष मात्र निश्चित होता. म्हणजे कारण असून दोष नसतो आणि दोष असून कारण नसते.

हाच पेच याच किनाऱ्यावर पुढे विमानाच्या बाबतीत पडला. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. आतील २१३ जणांपैकी एकही वाचला नाही. विमानाचा कल दाखविणारे मुख्य वैमानिकासमोरचे उपकरण बिघडले, बाहेर अंधारात क्षितिज दिसत नव्हते, आणि विमान उजवीकडे कलले आहे या समजुतीने त्याने ते डावीकडे वळवीत नेले, असा निष्कर्ष येथील चौकशीत निघाला. अमेरिकेतील न्यायालयाने मात्र १९८५ मध्ये विमान व उपकरणे बनविणाऱ्यांवरील दावे फेटाळून वैमानिकासच जबाबदार धरले. घटना एक, उत्तरे दोन. कारण नुकसानभरपाई कोणी द्यावी हे न्यायालयास ठरवावयाचे असते, तर पुढे काय सुधारावे हे चौकशीने सांगावयाचे असते.

कोणी म्हणेल, कारणे अशी वाटून टाकली तर जबाबदारी कोणाचीच उरणार नाही. आम्हांस उलट भय वाटते. एक अपराधी हाती लागला, आणि तोही उत्तर देण्यास जिवंत नसला, की समाज निश्चिंत होतो आणि इतर सर्व जण सुटतात. यंत्र बिघडणारच असे धरून विमानात एकाच कामासाठी दुसरे, तिसरे उपकरण बसवितात. यात यंत्राचा अपमान नाही. मनुष्यही भिईल, गोंधळेल, चुकीच्या बाजूस धावेल, हे तितक्याच प्रामाणिकपणे आधी गृहीत धरले पाहिजे. मृतांचा दोष ठरविल्याने त्यांना काहीच करता येत नाही. करावयाचे ते आपणांसच करावे लागते. म्हणून अपघाताच्या कारणांपैकी जे आज आपल्या हाती आहे, तेवढ्यापुरती जबाबदारी आपली, मग मूळ दोष कोणाचाही असो.