कवळी कोणी धुवावी?

कृत्रिम दातांना आपल्या भाषेने मोठा सुटसुटीत शब्द दिला आहे. विड्याच्या पानांची असते तीही कवळी आणि वार्धक्यात तोंडात बसते तीही कवळीच. पहिली सुटली की दुसरी येते, असे आमच्या परिचयातील एक पानशौकीन वृद्ध म्हणत. ‘खोटे दात’ हा दुसरा शब्दप्रयोग मात्र आम्हांस अन्यायाचा वाटतो. चष्म्याला कोणी खोटे डोळे म्हणत नाही, काठीला खोटा पाय म्हणत नाही. मग खोटेपणाचा आळ दातांवरच का? बहुधा चष्मा आणि काठी उघडपणे मिरवता येतात व कवळी मात्र ती आहे हे कळू नये अशा बेतानेच घडवलेली असते, म्हणून. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. माणसाच्या कवळीला ही दोन्ही कामे एकटीने करावी लागतात.

आमचा प्रश्न या दाखवण्याच्या कामातून निघतो. कवळीची निगा तशी अवघड नाही. प्रत्येक जेवणानंतर ती काढून खळखळून धुवावी. दिवसातून एकदा मऊ ब्रशाने व सौम्य साबणाने आतून-बाहेरून घासावी. दात घासण्याची पेस्ट वापरू नये, कारण तिच्यातील खरखरीत कणांनी अॅक्रिलिकवर बारीक चरे पडतात आणि त्यांत जंतू घर करतात. उकळते पाणी तर मुळीच नको. त्याने तिचा आकार बिघडतो. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे किंवा घडी घातलेला पंचा असावा, म्हणजे हातून निसटली तरी फुटत नाही. रात्री ती काढून पाण्यात ठेवावी आणि हिरड्या, टाळू व जीभ ओल्या मऊ फडक्याने पुसून घ्यावी. हिरड्यांना तेवढी विश्रांती लागते. ती न मिळाल्यास कवळीखालची टाळू लाल होते, कॅन्डिडा नावाची बुरशी तेथे वाढते. जपानमध्ये ८५ वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या ५२४ व्यक्तींची पाहणी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला.

हे सारे दंतवैद्य सांगतात, तरी पुष्कळ वृद्ध कवळी घालूनच झोपतात. कारण विचारले तर सवय म्हणतील. खरे कारण पुष्कळदा असे असते की रात्री दिवा लागला, कोणी खोलीत आले, तर आपले बोळके त्याने पाहू नये. नातवंडांनी तर नाहीच नाही. पन्नास वर्षे संसार केलेल्या पत्नीपुढेही कवळी न काढणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत.

हात धड असेपर्यंत हा संकोच ज्याचा त्याने सांभाळावा. त्यात इतरांनी पडण्याचे कारण नाही. पण अर्धांगवायूने एक हात गेला, किंवा कंपवाताने बोटे थरथरू लागली, की निसरडी कवळी एका हाताने घासता येत नाही. त्या दिवशी ती दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. येथे खरा पेच पडतो. सेवा करावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. श्रावणाने कावड खांद्यावर घेतली, पुंडलिकाने देवाला विटेवर तिष्ठत ठेवले. त्या कावडीत बसलेल्या आईबापांच्या मनात काय होते, हे मात्र कोणी विचारले नाही. सेवा करून घेणे हीदेखील शिकण्याची गोष्ट आहे, असे आमच्या कीर्तनांत-प्रवचनांत आम्ही क्वचितच ऐकले.

जुन्या घरांत याला आणखी एक पदर आहे. ग्वाल्हेरच्या लष्करात काय, इंदूरच्या रामबागेत काय किंवा वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात काय, ज्या कुटुंबांनी सोवळेओवळे दोन-दोन पिढ्या निगुतीने पाळले, त्यांच्या लेखी कवळी ही सदैव उष्टी वस्तू. स्वयंपाकघराच्या मोरीवर ती धुवायची नाही, तिचा पेला इतर पेल्यांत मिसळायचा नाही. गंमत अशी की तान्ह्याच्या तोंडातला घास बोटाने काढताना याच घरांतील बायकांना काही वाटत नसे. मग सासऱ्यांची कवळी हाती घेताना अंगावर काटा का यावा? मूल वाढेल आणि हे काम संपेल, ही आशा तेथे असते, येथे नसते. असे उत्तर आम्हांस सुचते, पण पुरते समाधान होत नाही. शिवाय हे काम सुनेकडे किंवा पगारी बाईकडे सोपवून मुलगा वर्तमानपत्र वाचत बसतो, याची लाज कोणाला वाटावी, हेही आपण ठरवून टाकायला हवे. आमच्या मते ती मुलाला वाटावी.

कोणी म्हणेल, वृद्धाला संकोच वाटतो तर राहू द्या की. त्याचा स्वाभिमान तेवढाच उरला आहे. या आक्षेपात तथ्य आहे. गांधीजींचे बोळके हसू छायाचित्रांमुळे साऱ्या जगाला ठाऊक आहे आणि त्याने त्यांची प्रतिष्ठा तसूभरही उणावली नाही. पण प्रत्येकाकडून त्या निःसंकोचाची अपेक्षा धरणे हा जुलूमच होईल. म्हणून बळजबरी नको. जवळच्याने जरा नीट विचारावे, ‘आबा, धुऊन आणू का?’ एवढेच. उत्तराला वेळ लागेल, तो द्यावा. तोंडात आपण हात घालण्याऐवजी त्यांना काढता येते का ते पाहावे, काढताना आपण खिडकीबाहेर बघावे. पाहुणे यायच्या आधी, दूरदेशीच्या मुलीचा दूरध्वनी यायच्या आधी, कवळी आठवणीने जागेवर बसवून द्यावी. दंत्य वर्ण कवळीवाचून फसफसतात. हिंदीच्या मुलखात राहून नातवंडांच्या तोंडून ‘चूल’ आणि ‘जाते’ यांतले मराठी च-ज केव्हाच गेले. आजोबांच्या तोंडी ते अजून आहेत, तर निदान कवळीअभावी जाऊ नयेत.

आणि वृद्धाने? त्याने एकदा हो म्हणावे. पहिला दिवस कठीण जातो.

कवळी ही वस्तू की शरीराचा भाग, हा प्रश्न जुना आहे. इ. स. पू. ४५० च्या सुमारास रोमन लोकांनी बारा पाट्यांवर आपले कायदे कोरले. प्रेताबरोबर सोने पुरू नये, असा त्यांत दंडक होता. त्याला अपवाद असा की, ज्याचे दात सोन्याने बांधलेले असतील त्याला त्या सोन्यासह पुरले वा जाळले तर दोष नाही. आपल्याकडे असा नियम कोणी घालून दिलेला नाही. त्यामुळे तेराव्यानंतर घर आवरताना घोटाळा होतो. धोतरे देता येतात, काठी देता येते, चष्माही कोणाला चालतो. कवळी दुसऱ्या कोणत्याच तोंडात बसत नाही. काही घरांत ती अस्थींबरोबर नर्मदेत जाते. आमच्या ओळखीच्या एका घरात ती अजून कपाटाच्या वरच्या खणात आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईत थोरला मुलगा तेवढा तो डबा स्वतः पुसतो.