मेजापलीकडची माणसे



भौगोलिक मानांकन मिळालेली भिवापूरची मिरची एकच असते, पण तिला पाहणारे अनेक. व्यापारी रंग आणि वाळलेपणा बघतो, सातऱ्यावर देठ खुडणाऱ्या बाईला देठ सहज सुटतो की नाही ते कळते, आणि स्वयंपाक करणारी जिभेवर ठेवून ठरवते. यांत चूक कुणीच नाही.

भिवापूर-उमरेडकडची आपली मुले बुटीबोरीला किंवा मिहानला मुलाखतीला जातात, तेव्हा मेजापलीकडे अशाच वेगवेगळ्या नजरा बसलेल्या असतात. एच. आर. वाले कागदपत्रे, बोलणे आणि पगाराची अपेक्षा बघतात. विभागप्रमुखाला हाताला काम येते का ते हवे असते. ज्याच्या शेजारी हा मुलगा पाळीला उभा राहणार, तो सुपरवायझर मनात विचारतो, हा अडचणीत धावून येईल का? (आमच्या मते सर्वांत खरी परीक्षा हीच, आणि या माणसाला बहुधा कुणी विचारत नाही.) मालकाला विश्वासू माणूस हवा असतो. हे मतभेद वाईट नाहीत. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला दिसते.

पण कधी कधी सगळे मिळून मुलाकडे न पाहता त्याच्या घराकडे पाहू लागतात. २००७ साली डॉ. सुखदेव थोरात (हे आपल्या अमरावती जिल्ह्यातले) आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी हजारो अर्ज पाठवले. सारख्याच पात्रतेच्या अर्जांत फरक होता तो नावाचा. दलित नावाच्या अर्जदाराला उच्चवर्णीय नावापेक्षा कमी बोलावणी आली, मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील २५ एच. आर. व्यवस्थापकांशी बोलून पाहिले. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असा त्यांचा सूर. आणि तरीही घरची पार्श्वभूमी उमेदवाराला विचारली जातेच. वडील काय करतात, या साध्या प्रश्नात बरेच काही मावते. नासरेथहून काही चांगले निघेल का, ही नथनेलाची शंका याच जातीची होती. फिलिप वाद घालत बसला नाही, त्याने त्याला प्रत्यक्ष येऊन पाहायला सांगितले.

आता खरा प्रश्न. अशा समितीत आपल्यापैकीही काही जण बसतात, कंपनीत बसतात, आपल्या शाळांत आणि दवाखान्यांतही बसतात. चौघांनी आपापल्या रकान्यात गुण भरले, बेरीज झाली, मुलगा नाकारला गेला. मग त्याला नाकारले कुणी? प्रत्येक जण म्हणतो, मी माझ्यापुरते गुण दिले. शेजारच्याने "हा आपल्यातला वाटत नाही" असे म्हटले तेव्हा आपण चहाचा कप उचलला आणि गप्प राहिलो, याची नोंद मात्र कुठल्याच रकान्यात होत नाही. आम्हांला वाटते, त्या गप्प राहण्याचाही जाब आपल्यालाच द्यावा लागेल. नोकरी जाईल अशी भीती असते, ती खोटी नाही. पण "आपल्यातला म्हणजे नेमके काय?" एवढे विचारायला फार मोठे धैर्य लागत नाही.

यहूदाच्या जागी प्रेषित निवडायचा होता, तेव्हा सुमारे १२० जण जमले होते. नावे पुढे येण्याआधीच पेत्राने सर्वांसमक्ष निकष सांगितला : योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंत जो आपल्याबरोबर होता, तोच. घर नाही, गाव नाही; सोबत. मग दोघे उभे राहिले, प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थिया निवडला गेला.

दुसरा होता योसेफ बर्सबा, ज्याला युस्त असेही म्हणत. त्याची निवड झाली नाही, तरी लूकने त्याची तिन्ही नावे लिहून ठेवली आहेत. आपल्या मुलांना मुलाखतीनंतर साधे नकाराचे पत्रही पुष्कळदा येत नाही.