झाकलेली पाने

लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात चटई अंथरून पत्त्यांचा डाव मांडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. मेंढीकोट खेळता खेळता पहाट होते. कोणी आपल्या भिडूला खाणाखुणा करताना सापडलाच, तर सगळे हसतात आणि चहाची किटली भरून आणण्याची शिक्षा त्याला भोगावी लागते. अलीकडेच अशा एका मांडवात आमचा भाचा आमच्या शेजारी बसला होता. डावात त्याचे लक्ष नव्हते. मध्येच हलक्या आवाजात त्याने विचारले, "मामा, पोकरमध्ये थाप मारणे हाच खेळ असतो. मग तिथे लबाडी कशाला म्हणायचे?"

प्रश्न तात्त्विक वाटला. परंतु त्यामागे एक हकीकत होती. काही वर्षांपूर्वी तो आणि त्याचा एक मित्र आपापल्या घरी बसून मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळत. दोघे निरनिराळ्या नावांनी एकाच टेबलावर बसत आणि दुसऱ्या फोनवरून एकमेकांना आपली पाने सांगत. अशा रीतीने त्याच्या वाट्याला अठरा हजार रुपये आले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने संमत केला आणि त्याचे ते ॲप बंद झाले. पैसे तर केव्हाच खर्च झाले होते. मनातला सल मात्र राहिला होता.

त्याच्या प्रश्नाची पहिली बाजू खरी आहे. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि पुढे पाच पाने टेबलाच्या मध्यभागी उघडी मांडली जातात. हातात काहीच नसताना मोठी रक्कम लावून दुसऱ्याला घाबरवणे हा या खेळाचा प्राणच आहे. तरीही आम्ही त्याला असत्य म्हणणार नाही. रंगभूमीवर राजा झालेला नट प्रेक्षकांना फसवीत नाही, कारण तो राजा नाही हे प्रेक्षकांना ठाऊक असते. तसेच, समोरचा हूल देत असेल हे टेबलावरचा प्रत्येकजण जाणून असतो. ते मान्य करूनच तो तिथे बसलेला असतो.

मग त्याने मान्य काय केलेले नसते? प्रत्येक डावाच्या मुळाशी न बोललेला एक करार असतो: तुझी पाने मला दिसणार नाहीत, माझी तुला दिसणार नाहीत आणि गड्डीतली कोणालाच दिसणार नाहीत. आमच्या मते डावातील न्याय म्हणजे सर्वांच्या वाट्याला आलेले हे सारखे अज्ञान होय. बुद्धी सर्वांची सारखी नसते, स्मरणशक्ती आणि धीरही सारखा नसतो. तो फरक खेळाला मान्य आहे. निष्णात खेळाडू अंधारात चाचपडतच अंदाज बांधतो. लबाड मात्र स्वतःपुरता दिवा लावतो आणि आपणही अंधारातच आहोत असे भासवतो. थाप मारणारा आपल्या पानांविषयी हूल देतो. लबाड मात्र खेळ कोणता चालला आहे याविषयीच फसवतो.

या फरकाचे विदारक उदाहरण २००७ साली जगापुढे आले. 'ॲब्सोल्यूट पोकर' या संकेतस्थळावरील एका स्पर्धेत एका खात्याने विस्मयकारक विजय मिळवला. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूने डावांची नोंद मागवली, तेव्हा कंपनीकडून चुकून सगळ्यांची झाकलेली पाने असलेली संपूर्ण फाइल त्याच्या हाती पडली. खेळाडूंनी एकेक डाव तपासला. विजेत्याचा प्रत्येक निर्णय समोरच्याची पाने दिसत असल्यासारखा होता, आणि ती त्याला खरोखरच दिसत होती! आतल्याच माणसाने यंत्रणेचा गैरवापर केल्याचे अखेर कंपनीला कबूल करावे लागले. दुसऱ्याच वर्षी 'अल्टिमेटबेट' या संकेतस्थळावरही तोच प्रकार उघडकीस आला. कॅनडातील कानावाके येथील परवाना देणाऱ्या आयोगाने सप्टेंबर २००८ मध्ये या प्रकरणी मुख्यतः रस हॅमिल्टन यांना जबाबदार धरले. खेळाडूंना परत करावी लागलेली रक्कम दोन कोटी वीस लाख डॉलरांहून अधिक होती. हेच हॅमिल्टन १९९४ साली पोकरचे जगज्जेते झाले होते आणि बक्षिसाच्या रकमेखेरीज त्यांची चांदीने तुला करण्यात आली होती. ज्याला खेळ येत नाही तोच लबाडी करतो, ही आपली समजूत येथे खोटी ठरते.

भाचा म्हणाला, "पण आमच्यासमोरच्या माणसाला तर काही कळलेच नाही. आपले नशीब खोटे, असे समजून तो उठून गेला असेल." आम्हांला वाटते, या लबाडीतील सर्वांत क्रूर भाग तोच आहे. खिसा कापला गेलेल्या माणसाला निदान आपला खिसा कापला गेल्याचे कळते. येथे लुबाडला गेलेला माणूस स्वतःलाच दोष देतो. आपण चुकलो, आपल्याला जमले नाही, अशी खंत करीत तो कदाचित गेलेले भरून काढण्यासाठी पुन्हा पैसे लावतो. त्याच्या पैशांबरोबर त्याचा स्वतःच्या बुद्धीवरील विश्वासही आपण हिरावून घेतो.

दिवा हाती आला म्हणून तो लपवलाच पाहिजे असे नाही. १९९९ साली अमेरिकेतील काही संगणकतज्ज्ञांनी एका पोकर-प्रणालीची पत्ते पिसण्याची रीत तपासली. आपला व्यवहार चोख आहे हे दाखवण्यासाठी त्या कंपनीने ती स्वतःच प्रसिद्ध केली होती. बावन्न पत्ते पिसण्याच्या शक्यता इतक्या असतात की ती संख्या लिहायला ६८ अंक लागतात. त्या प्रणालीत मात्र त्या जेमतेम चारशे कोटींवर आल्या होत्या. त्यातही पिसण्याचा आरंभ संगणकाच्या घड्याळावरून होत असल्याने एका दिवसापुरत्या त्या सुमारे साडेआठ कोटीच उरत. घड्याळाशी वेळ जुळवून घेतली की त्या सुमारे दोन लाखांवर येत. स्वतःची दोन आणि टेबलावरची तीन पाने कळताच या तज्ज्ञांना उरलेली सारी पाने सांगता येऊ लागली. टेबलावर गुपचूप बसून अमाप पैसा मिळवणे त्यांना शक्य होते. त्यांनी तो दोष जाहीर केला. कंपनीच्या मनात कपट नव्हते, तरी तिचा खेळ न्याय्य नव्हता. आणि कपटाची संधी असूनही हे लोक न्यायाने वागले.

"मला त्या वेळी ती लबाडी वाटलीच नव्हती," असेही भाचा म्हणाला. हा बचाव मोठ्या न्यायालयातही झाला आहे. फिल आयव्ही या नामांकित पोकरपटूने २०१२ साली लंडनच्या एका कॅसिनोत पत्त्यांच्याच दुसऱ्या एका खेळात सुमारे ७७ लाख पौंड जिंकले. पत्त्यांच्या पाठीवरील नक्षीत किंचित असमानता होती. शुभाशुभाचे निमित्त सांगून त्याने वाटणाऱ्या बाईकडून हवी ती पाने फिरवून घेतली आणि मग पाठीवरूनच ती ओळखली. कॅसिनोने पैसे देण्याचे नाकारले. आपण केवळ चातुर्य वापरले, असे आयव्हीला मनापासून वाटत होते, हे न्यायालयानेही मानले. तरी २०१७ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही लबाडीच ठरवली. प्रामाणिकपणाचे माप ज्याचे त्याने ठरवायचे नसते, सामान्य सज्जन माणसाच्या मापाने ते मोजायचे असते, हा त्या निकालाचा आशय होय. विवेकबुद्धीलाही वळण लावावे लागते, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो, ते याहून वेगळे नाही.

१९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसृत केलेल्या धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१३ व्या परिच्छेदात या विषयाचा थेट विचार आहे. पत्त्यांचा खेळ वा पैज स्वतः होऊन न्यायाविरुद्ध नाही; स्वतःच्या वा आश्रितांच्या गरजांपुरते लागणारे धन त्यात जाऊ लागले की ती अनीती होते. खेळातील लबाडी मात्र गंभीर बाब मानली आहे. झालेली हानी नगण्य असेल तेवढाच अपवाद. मांडवातल्या खाणाखुणांना किटलीची शिक्षा पुरते, ती त्यामुळेच. अठरा हजारांना ती पुरणार नाही.

हे सारे ऐकून भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "परत करायचे तर कोणाला करू, मामा? त्या लोकांची खरी नावेही मला ठाऊक नाहीत."

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला द्यावे लागले नाही. ते सातशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेले आहे. संत थॉमस अक्वायनस सांगतात की ज्याचे देणे आहे तो कोण हे शोधूनही कळत नसेल, तर त्याच्या कल्याणार्थ ते दानधर्मात द्यावे. हे आपले औदार्य नव्हे. ते त्या अनोळखी माणसाचेच पैसे असतात. आपण फक्त पोहोचवणारे. एकदम जमत नसेल तर महिन्या-महिन्याने द्यावेत, एवढीच भर आम्ही घातली.

तेवढ्यात डाव संपला. पत्ते वाटण्याची पाळी भाच्याची होती. त्याने कॅट नीट पिसला आणि कापण्यासाठी शेजाऱ्यापुढे धरला.