निधीनंतरचे देणे

७ डिसेंबर जवळ आला की जिल्ह्याजिल्ह्यांत सशस्त्र सेना ध्वजदिन निधीचे संकलन सुरू होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या हस्ते शुभारंभ होतो, जिल्ह्याला मिळालेले उद्दिष्ट निरनिराळ्या खात्यांना वाटून दिले जाते, शाळेतली मुले घरून दहा-वीस रुपये आणतात आणि खिशाला लाल, गडद निळ्या व फिकट निळ्या पट्ट्यांचा कागदी ध्वज लागतो. १९४९ पासून हा क्रम चालू आहे. युद्धात मृत्यू पावलेल्यांची कुटुंबे, अपंगत्व आलेले जवान आणि माजी सैनिक यांच्यासाठी हा पैसा असतो. १९९३ मध्ये अशाच हेतूचे आणखी काही निधी त्यात विलीन करण्यात आले.

या निधीबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. जखमी जवानासाठी समाजाने जे करायचे ते पैसे गोळा करण्यापाशी थांबता कामा नये. आणि नाशिकच्या अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीला तर तिथे थांबायचा अधिकारच नाही. जखमी माणसाला पुन्हा उभे राहायला जे लागते ते, म्हणजे काम, देण्याची ताकद अंबडच्या गल्लोगल्ली आहे.

नाशिकला लष्कर परके नाही. देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आहे, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर आहे, गांधीनगरला सेनेच्या वैमानिकांचे प्रशिक्षण चालते आणि ओझरला मिग व सुखोई विमाने तयार झाली. इथल्या अनेक घरांतला कुणी ना कुणी फौजेत आहे किंवा होता. तरीही आपले देणे लढाईच्या बातमीवर चढते आणि बातमी ओसरली की उतरते. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधी उभा राहिला आणि स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी गावोगावी पेट्या फिरल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनला दहा जवान बर्फाखाली गाडले गेले तेव्हा मदत कुठे पाठवायची असे लोक आपण होऊन विचारू लागले, आणि त्यातूनच पुढे ‘आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंड’ सुरू झाला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी अमुक खात्यात पैसे भरा, असा दिशाभूल करणारा संदेश व्हॉट्सॲपवर इतका फिरला की संरक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला. लोकांना द्यायचे असते, यात शंका नाही. आपण देतो ते मात्र हळहळीच्या भरात, आणि हळहळ फार दिवस टिकत नाही.

जखम टिकते. गुडघ्याखाली पाय गेलेल्या जवानाला कृत्रिम पाय मिळतो, इथवर बातमी येते. पुण्यात १९४४ पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे आणि तिथले काम नावाजलेले आहे. पण त्या पायाचा खरा संसार नंतर सुरू होतो. उरलेल्या पायाचा प्लॅस्टरमध्ये साचा घेऊन त्यावर सॉकेट बेतलेले असते. पहिल्या काही महिन्यांत उरलेला भाग आटत जातो, सॉकेट सैल होते, मग आत एकावर एक मोजे चढवावे लागतात. तेवढ्याने भागेनासे झाले की सॉकेटच नवे करायचे. उन्हाळ्यात आत घाम साचतो, कातडी सोलवटते, आणि एक साधा फोड आला तरी तो भरेपर्यंत पाय काढून ठेवावा लागतो. म्हणजे तितके दिवस कुबड्या, तितके दिवस घर. हे दोन-चार वर्षांचे दुखणे नव्हे. पंचविशीत पाय गेलेल्या माणसाला चाळीस-पन्नास वर्षे हे रोज सकाळी करायचे असते.

मणक्याला इजा झालेल्यांचे जगणे याहून अवघड. खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. कमरेखाली किंवा मानेखाली संवेदना गेलेले जवान तिथे राहतात. ज्या अंगाला दुखणे कळत नाही त्यावर शय्याव्रण कधी झाला हेही कळत नाही, म्हणून रात्रीतून कितीदा तरी कूस बदलून द्यावी लागते. याच केंद्रात तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारे निवृत्त सैनिक आहेत. त्यांना देणगी हवी, भेटीला येणारी माणसे हवीत, चित्रे विकत घेणारेही हवेत. अशांना ‘काम करा’ असे सांगायला कुणी जाऊ नये. त्यांची शुश्रूषा हे समाजाचे कायमचे देणे आहे आणि ते वर्षाचे बाराही महिने पोचले पाहिजे.

इथे एक रेघ स्पष्ट आखली पाहिजे. देणगीने हक्काची जागा घेता कामा नये. जवानाला मिळणारे अपंगत्व निवृत्तिवेतन ही कुणाची कृपा नाही. तरी ते मिळवताना किती वळसे पडतात पाहा. अपंगत्व किती टक्के, ते सेवेमुळे आले किंवा सेवेमुळे बळावले का, हे वैद्यकीय मंडळ ठरवते. माणूस भरतीच्या वेळी धडधाकट होता, तेव्हा नंतरचे दुखणे सेवेमुळे आलेले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह खटल्यात सांगितले. त्यानंतरही जखमी आणि आजारी जवानांच्या बाजूने लागलेल्या निकालांविरुद्ध अपिले होत राहिली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत किंवा अन्य अकादमीत प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन घरी पाठवल्या गेलेल्या छात्रांना माजी सैनिकाचा दर्जाच नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन त्यांचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा कुठे त्यांच्या वैद्यकीय उपचारांची दारे उघडली.

हक्काच्या या प्रश्नाची आणखी एक बाजू नाशिकनेच पाहिली आहे. १० ऑक्टोबर २०२४ रोजी देवळालीत गोळीबाराच्या सरावात तोफगोळा फुटून दोन अग्निवीर मृत्युमुखी पडले. सीमेवर काहीच घडत नसताना, आपल्या शहराच्या हद्दीला लागून. वर उल्लेखिलेला बॅटल कॅज्युअल्टीज फंड प्रत्यक्ष लष्करी कारवाईत मृत्यू पावलेल्या किंवा गंभीर जखमी झालेल्या जवानांसाठी आहे. सरावात हात गमावलेला मुलगा त्या चौकटीत बसत नाही. अग्निवीराला सेवेत अपंगत्व आले तर टक्केवारीप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकरकमी मिळतात. आयुष्यभराचे निवृत्तिवेतन नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलापुढे उरलेले सगळे आयुष्य असते. एकरकमी पैशाचे घर होते, बहिणीचे लग्न होते, कर्ज फिटते आणि पैसा संपतो. याबाबत सरकारकडे हक्क मागणे हे नागरिकांचे काम आहे, आणि देणगीची पावती फाडल्यावरही ते आपल्या डोक्यावरून उतरत नाही.

मग दानाने करायचे काय? याचे उत्तर महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत लोकवर्गणीतून अपंग हिंदी सैनिकांसाठी एक तंत्रशाळा निघाली. पुढे ती खडकीला गेली आणि क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावाने आजही चालू आहे. मेसोपोटेमियाच्या आणि फ्रान्सच्या आघाड्यांवरून हात-पाय गमावून परतलेल्या शिपायांना तिथे यंत्रकाम, शिवणकाम, कुक्कुटपालन असे धंदे शिकवले गेले. वर्गणी देणाऱ्यांनी त्या माणसांच्या हातात नाणी ठेवली नाहीत, हत्यारे ठेवली. ब्रिटनमध्येही असेच झाले. तिथे युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ नोव्हेंबरात कोटाला लावायची कागदी खसखशीची फुले बनवण्याचा कारखाना १९२२ मध्ये मेजर जॉर्ज हाउसन यांनी जखमी सैनिकांना घेऊनच सुरू केला. आपला ध्वजदिनाचा कागदी ध्वज अपंग जवानांच्या हातून तयार व्हावा, ही मागणी करायला काय हरकत आहे?

पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. लष्करातला हा मुष्टियोद्धा पुढे पाण्यात उतरला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्याने विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले. त्या पदकाबद्दल आता सगळ्यांना ठाऊक आहे, सिनेमाही निघाला. मला त्यातली कमी सांगितली जाणारी गोष्ट महत्त्वाची वाटते. पेटकरांनी पुण्याच्या टेल्कोत नोकरी केली. पदक आणि पद्मश्री यांच्यामधल्या लांबलचक वर्षांत देशाने त्यांची फारशी आठवण ठेवली नाही, पण महिन्याच्या महिन्याला पगार होत होता आणि घर चालत होते. गौरव उशिरा पोचला तरी माणूस तगून राहिला तो त्या नोकरीवर.

आता अंबडकडे वळू. इथे माजी सैनिक दिसतो तो बहुधा कारखान्याच्या गेटवर, सिक्युरिटीच्या गणवेशात, रजिस्टर आणि शिट्टी घेऊन. ज्याने पंधरा-सतरा वर्षे तोफेचे गणित केले, वायरलेस सांभाळला, रणगाड्याचे इंजिन खोलून बसवले, त्याला आपण बॅरिकेड वर-खाली करायला ठेवतो. आणि एक पाय गेला असेल तर तेही नाही, कारण सिक्युरिटी एजन्सीला उभा राहणारा माणूस लागतो. त्याच कारखान्यात आत गेजने आणि मायक्रोमीटरने जॉब तपासायचे टेबल असते. तिथे बसून काम होते. सीएनसीचे प्रोग्रॅमिंग, कॅडवरचे ड्रॉइंग, टूल क्रिबची नोंद, स्टोअरचा हिशेब, पॅनेलचे वायरिंग ही सगळी कामे हात, डोळे आणि शिस्त मागतात. व्हीलचेअरसाठी दाराशी उतार, टेबलाची उंची थोडी कमी, एक रुंद स्वच्छतागृह आणि फोड आला तर चार दिवस घरून ड्रॉइंग करायची मुभा, एवढे केले की माणूस कामाला लागतो.

लघुउद्योजक म्हणतील, आमच्या मार्जिनमध्ये हे कसे बसवायचे? प्रश्न रास्त आहे. सामाजिक दायित्वाचा दोन टक्क्यांचा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे. अंबडमधले बहुतेक कारखाने त्या मर्यादेच्या खूप खाली आहेत. मात्र त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक, युद्धविधवा आणि त्यांचे आश्रित यांच्यासाठीचा खर्च स्पष्टपणे धरलेला आहे. मोठ्या कंपन्यांनी त्या पैशातून प्रशिक्षणाचा भार उचलावा आणि लहानांनी जागा द्यावी, अशी जोड घालता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३५ तर असे सांगते की खासगी उद्योगातले किमान पाच टक्के कर्मचारी दिव्यांग असावेत म्हणून सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावे. ते प्रोत्साहन उद्योजकांच्या संघटनांनी एकजुटीने मागितले तर मिळण्याची शक्यता वाढते. आयमा आणि निमा या इथल्या उद्योजकांच्या दोन्ही संघटना वीजदर, रस्ते, पाणी यांसाठी सरकारदरबारी जातात. त्यांच्या निवेदनात हेही एक कलम असू द्या.

करायचे ते अवघड नाही. संघटनेने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जाऊन अपंगत्व आलेले किती माजी सैनिक कामाच्या शोधात आहेत, कुणाला काय येते, हे विचारावे. प्रत्येक कारखान्याने बसून होणाऱ्या कामांची यादी करावी आणि त्यातली एखादी जागा अशा माणसासाठी राखावी. ज्याला प्रशिक्षण लागेल त्याचा खर्च वर्गणीतून व्हावा. ही वर्गणी मात्र एका दिवसाची नको. दर महिन्याला ठरलेली थोडी रक्कम, तिचा ताळेबंद दरवर्षी छापून सगळ्यांसमोर. विश्वासाला तडा गेला की काय होते हे अमेरिकेत दिसले: जखमी सैनिकांसाठी प्रचंड देणग्या जमवणाऱ्या वूंडेड वॉरियर प्रोजेक्टच्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना उधळपट्टीच्या आरोपांनंतर २०१६ मध्ये पायउतार व्हावे लागले. जखमींच्या नावाने आलेला रुपया जखमींपर्यंतच गेला पाहिजे आणि गेला हे दाखवताही आले पाहिजे.

आज आपण निधीचे यश उद्दिष्ट पूर्ण झाले की नाही यावरून मोजतो. अंबडने याहून कडक माप लावावे. जखमी होऊन घरी आलेल्या किती जवानांना इथे काम मिळाले, आणि पाच वर्षांनी त्यांतले किती जण त्या कामावर टिकून आहेत, बढती घेऊन पुढे गेले आहेत, हा आकडा दरवर्षी जाहीर व्हावा. पहिल्या वर्षी तो लाजिरवाणा लहान असेल. असू दे. तो वाढवण्याची जबाबदारी कुणाची, हे तरी त्या दिवसापासून ठरून जाईल.